सासऱ्यांना पावसाळ्यात दिल्लीला धाडू का?

पत्र : मी ऐरोलीत राहते. सासरे ७८ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आहे, आणि तरुणपणच्या विड्यांनी फुफ्फुसं गेलीत, डॉक्टर सीओपीडी म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमधले एक आजोबा पाच दिवसांच्या ताप-खोकल्यानंतर गेले. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं होतं, पण सोसायटीत सगळे म्हणाले, स्वाईन फ्लूच. आता धाकट्या दिरांनी दिल्लीहून घरच्या ग्रुपवर एक तक्ता टाकलाय. २०१९ साली दिल्लीत स्वाईन फ्लूचे रुग्ण ३,६२७, मृत्यू ३१. महाराष्ट्रात रुग्ण २,२८७, मृत्यू २४६. “तुमच्याकडे माणसं बारापट मरतात, बाबांना जून ते सप्टेंबर माझ्याकडे पाठवा,” असं त्यांचं म्हणणं. कुडाळच्या नणंदबाई म्हणतात, आमच्या तालुक्यात एकही मृत्यू नाही, हवा स्वच्छ आहे, इकडे आणा. नवरा दोघांनाही हो म्हणतो. लस द्यावी तर कुठली आणि कधी, तेही कळत नाही. काही चुकलं तर बोल मलाच लागणार. – एक सून, ऐरोली

ताई,

उत्तर आधी सांगते, कारण तुम्हाला ग्रुपवर काहीतरी लिहायचं असेल. बाबांना ऐरोलीतच राहू द्या. मृग लागायच्या आत, म्हणजे मे महिन्यातच, त्यांना फ्लूची लस टोचून घ्या. आता हे असं का, ते सविस्तर सांगते. कारण नुसतं ‘डॉक्टरीणबाई म्हणाल्या’ एवढ्यावर दीर गप्प बसतील असं त्यांच्या तक्त्यावरून वाटत नाही.

त्यांचे आकडे खरे आहेत. राज्यांनी केंद्राकडे कळवलेले २०१९चे एच१एन१चे, म्हणजे स्वाईन फ्लूच्या विषाणूचे, आकडे हेच. २४६ला २,२८७ने भागलं की जवळजवळ ११ टक्के येतात, आणि ३१ला ३,६२७ने भागलं तर एक टक्कासुद्धा येत नाही. भागाकारही बरोबर आहे. घोटाळा आहे तो कशाने भागलं यात.

तेच मृत्यू लोकसंख्येने भागून बघा. २०११च्या जनगणनेत दिल्ली १ कोटी ६८ लाखांची होती, महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा. एक कोटी लोकांमागे दिल्लीत १८ मृत्यू येतात, महाराष्ट्रात २२. बारापटीचे सव्वापट झाले! आता त्याच रीतीने रुग्ण मोजा. कोटीमागे दिल्लीत सुमारे २,१६० आणि आपल्याकडे सुमारे २००. म्हणजे दिल्लीत मरणारे फारसे कमी नाहीत, सापडलेले रुग्ण दहापट जास्त आहेत. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत राजस्थान-दिल्लीकडे साथ जोरात होती, हे खरं. तरीसुद्धा एकच विषाणू यमुनेकाठी शंभरात एकाला मारतो आणि ठाण्याच्या खाडीकाठी अकरांना, असं होत नाही. फरक आहे तो कोणाची तपासणी झाली याचा.

केंद्राच्या नियमावलीत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब आणि क असे गट आहेत. अ म्हणजे साधा ताप, खोकला, घसादुखी. त्यांनी घरी आराम करायचा, चाचणी नाही, विषाणूवरचं औषध नाही. ब म्हणजे ज्यांचा ताप जास्त आहे किंवा जे आधीच जोखमीचे आहेत. त्यांना औषध द्यायचं, चाचणी तरीही नको. क म्हणजे दम लागलेले, छातीत दुखणारे, गुंगी आलेले, रक्तदाब उतरलेले. त्यांना दाखल करायचं आणि त्यांचाच नमुना पाठवायचा. जे राज्य हा नियम काटेकोर पाळतं, त्याच्या यादीत मुख्यतः क गट येतो. जिथे साध्या तापवाल्यालाही खासगी लॅबमध्ये चाचणी करून मिळते, तिथे यादी लांबते आणि मृत्यूचा टक्का आपोआप खाली येतो. एका शाळेने अख्खा वर्ग परीक्षेला बसवला आणि दुसरीने फक्त कच्ची मुलं बसवली, तर दुसरीचा निकाल वाईटच लागणार. त्यावरून मास्तर वाईट ठरवायचे नसतात.

दिरांना एवढं पुरे. पण तुम्हाला थोडं पुढचं सांगते, कारण त्या तक्त्यातल्या २४६ या आकड्यावरही माझा विश्वास नाही. तो फुगवलेला आहे म्हणून नव्हे, फार लहान आहे म्हणून.

साध्या, दरवर्षीच्या फ्लूने जगात दर साल २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं श्वसनाच्या त्रासाने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लाखामागे सुमारे ४ ते ९. महाराष्ट्राचे २४६ मृत्यू लाखामागे मांडले तर पाव मृत्यूही भरत नाही. आपण जगाच्या वीस-तीसपट नशीबवान आहोत असं मानायला माझं मन धजत नाही. एक तर तो तक्ता फक्त एच१एन१चा होता. म्हाताऱ्यांना बहुधा जास्त छळणारा एच३एन२ आणि बी प्रकारचा फ्लू त्यात नाही. दुसरं म्हणजे चाचणी होऊन नाव लागलेलेच मृत्यू त्यात आलेत. जागतिक अंदाज वेगळ्या रीतीने काढतात. फ्लूच्या मोसमात एरवीपेक्षा किती माणसं जास्त गेली, ते पाहून.

तुमच्या विंगमधल्या आजोबांचंच बघा. त्यांना फ्लू होता की नाही, मी इथे बसून सांगू शकत नाही, सोसायटीही सांगू शकत नाही. पण ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे मृत्यूचं कारण नव्हेच. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. दाखल्याच्या नमुन्यावर असं लिहू नका अशी सूचना असते, तरी लिहिलं जातं. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की फ्लूचं निदान झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो. असा माणूस गेला की तो हृदयाच्या खात्यात जमा होतो, फ्लूच्या खात्यात नाही. हेसुद्धा डॉक्टरने कारण लिहिलं तर. आपल्या देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित केलेलं होतं, आणि राज्याराज्यांत त्यातही जमीन-अस्मानाचा फरक. जिथे दाखला नीट लिहिला जातो, तिथे फ्लूने मेलेले जास्त दिसतात. पुणे पुष्कळदा यादीत वर असतं, याचं मला म्हणूनच फारसं आश्चर्य वाटत नाही. राष्ट्रीय विषाणू संस्था तिथे आहे, मोठी रुग्णालयं आहेत, सातारा-सोलापूर-नगरचे अत्यवस्थ रुग्ण तिथे येतात. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यूही पुण्यातच नोंदला गेला.

इथून नणंदबाईंच्या ‘तालुक्यात एकही नाही’कडे येऊ. आपल्या कायद्यात मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस कुठला होता त्यावर नाही. सिंधुदुर्गातला श्वास लागलेला म्हातारा आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जातो, तिथून कित्येकदा गोव्याला बांबोळीला, नाहीतर कोल्हापूरला. तो तिकडे गेला तर नोंद गोव्यात किंवा कोल्हापुरात. कुडाळ तालुका कागदावर निर्मळ राहिला! आपल्याकडे उलटं. मुरबाड, शहापूर, जव्हारकडून रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात येतात आणि ते मृत्यू ठाण्याच्या नावावर चढतात. ऐरोलीचा माणूस मुलुंडला दगावला तर तो मुंबईच्या खात्यात. त्यात १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. म्हणून ‘ठाणे जिल्ह्यात पूर्वी इतके, आता इतके’ असे तक्ते कोणी पाठवले तर आधी कुठलं ठाणे ते विचारा.

शिवाय कोकणात गावाकडे म्हातारी माणसं जास्त, कारण तरुण सगळे तुमच्या-आमच्याकडे आलेत. म्हाताऱ्यांच्या प्रदेशात फ्लूचे मृत्यू खरं तर जास्त असायला हवेत. तिथे शून्य दिसतं, तेव्हा मला हवेचं कौतुक वाटण्याआधी नोंदवहीची काळजी वाटते. (हे वाक्य नणंदबाईंना जसंच्या तसं पाठवू नका.)

मग प्रदेशाप्रदेशांत खरा फरक नसतोच का? असतो, आणि चांगलाच असतो. जगभरचे अंदाज पाहिले तर सर्वात जास्त मृत्युदर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात निघतात. फ्लूमुळे फुफ्फुसांना संसर्ग होऊन दगावणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ९९ टक्के विकसनशील देशांतली असतात. विषाणू तोच असतो. पोषण वेगळं, चुलीचा धूर वेगळा, ऑक्सिजनचा सिलेंडर किती कोसांवर ते वेगळं.

याचा सगळ्यात जळजळीत पुरावा आपल्याच दाराशी आहे. १९१८च्या जूनमध्ये, ज्याला स्पॅनिश फ्लू म्हणतात, तो फ्लू मुंबईच्या गोदीतून देशात शिरला, आणि सप्टेंबरमध्ये दुसरी, मारक लाट आली. देशभरात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली, काही अभ्यासकांच्या मते पावणेदोन कोटी. मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांना सर्वात मोठा तडाखा बसला. बंगालपर्यंत पोचेस्तोवर तिचा जोर कमी झाला होता. म्हणजे प्रदेशाचा फरक होता. पण मुंबई शहराच्या आतले आकडे पाहा. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या हिंदूंत हजारी ६१ जण गेले, युरोपियनांत हजारी ८. शहर तेच, हवा तीच, पाऊसही तोच. एकीकडे कोंदट खोल्या आणि उपाशी पोटं, दुसरीकडे हवेशीर बंगले आणि शुश्रूषा करायला माणसं. फ्लूचा भूगोल विचाराल तर मी राज्यांचा नकाशा दाखवण्याआधी हेच दोन आकडे दाखवीन.

बाबांच्या बाबतीत याचा अर्थ काय? त्यांचा धोका त्यांच्याबरोबर प्रवास करतो. पंचाहत्तरीपुढच्या माणसांत फ्लूचा मृत्युदर जगभरात लाखामागे सुमारे ५१ ते ९९ धरतात, म्हणजे सरसकट दराच्या दहापटींच्याही वर. त्यात मधुमेह आणि सीओपीडी. हे तिन्ही सामान राजधानी एक्स्प्रेसमध्ये चढेल आणि निजामुद्दीनला उतरेल. दिल्लीत जुलै ते सप्टेंबर फ्लू नसतो हा समजही काढून टाका. काश्मीरसारखा थंड प्रदेश सोडला तर देशाच्या बहुतेक भागात पावसाळ्यातच मोठी लाट येते, दिल्ली त्यात आली. वर जानेवारी ते मार्च दुसरी. आणि मुक्काम लांबून ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला तर तिथली हवा या फुफ्फुसांना सोसणार नाही, हे दिरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता लस. एप्रिल-मे हा आपल्याकडचा योग्य काळ, कारण लाट पावसाबरोबर येते आणि लस लागू पडायला दोनेक आठवडे जातात. (श्रीनगरला असतात तर मी ऑक्टोबर म्हटलं असतं.) विषाणू बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचा मसाला, म्हणजे तिच्यात कुठले विषाणू घालायचे ते, जाहीर करते, दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, उत्तरेसाठी फेब्रुवारीमध्ये. आपण नकाशावर उत्तरेत, पण आपला मोसम दक्षिणेशी जुळतो. तेव्हा मेमध्ये ‘या वर्षीची दक्षिण गोलार्धाची’ मागा. गेल्या मोसमातली उरलेली कुपी कोणी खपवत असेल तर नको. तीन विषाणूंची की चार, यावर डोकं शिणवू नका. चौथा, बी-यामागाता घराण्यातला, मार्च २०२०नंतर जगात कुठे दिसलेलाच नाही, म्हणून तो आता वगळला जातोय.

लस म्हणजे कवच वगैरे मी म्हणणार नाही. मसाला नीट जुळला तर आजार टळण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्के, म्हाताऱ्यांत त्याहून कमी. तरी दवाखान्यात भरती व्हायची पाळी कमी येते, आणि बाबांसारख्यांसाठी तेच महत्त्वाचं. दरवर्षी घ्यावी लागते. तिच्याबरोबर न्यूमोनियाच्या लशीचंही त्यांच्या डॉक्टरांना विचारा. फ्लूमागून जिवाणूंचा न्यूमोनिया होतो, तो पुष्कळदा जास्त घातक ठरतो. १९१८ची बहुतेक माणसं त्यानेच गेली. आपल्याकडे मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना सरकारी रुग्णालयांत फ्लूची लस मोफत देण्याची सोय आहे, पण साठा असतोच असं नाही. ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयात आधी चौकशी करा आणि मग बाबांना रिक्षात बसवा.

आणि लस फक्त बाबांना नको. ७८ वर्षांचा सीओपीडीचा माणूस फ्लू आणायला बाहेर कुठे जातो? फ्लू घरी येतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये चेंगरून तुमचे यजमान आणतात, जूनच्या मध्याला शाळा उघडली की घरातली पोरं आणतात. म्हाताऱ्यांच्या शरीरात लस कमी लागू पडते, धडधाकटांच्या शरीरात जास्त, म्हणून भोवतालच्यांनी घेणं हेच त्यांचं खरं रक्षण. तुम्ही स्वतः घ्या. घरातल्या बायका स्वतःचं नाव यादीत शेवटी घालतात आणि मग यादीच संपते.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचे आहेत पहिले ४८ तास. ऑसेल्टामिवीर, म्हणजे लोक ज्याला टॅमीफ्लू म्हणतात, ते या मुदतीत सुरू झालं तर खरा गुण देतं. बाबा नियमावलीतल्या ब गटात आपोआप बसतात, जोखमीचे म्हणून. त्यांच्यासाठी चाचणीच्या कागदाची वाट बघायची गरज नाही, हे डॉक्टरांना माहीत असतं, घरच्यांना नसतं. मात्र केमिस्टकडून आपल्या मनाने आणू नका. मूत्रपिंडाचं काम पाहून मात्रा ठरते, आणि मधुमेहात मूत्रपिंड तपासलेलं बरं. आपल्याकडे घात होतो तो इथे. पहिले दोन दिवस काढा आणि वाफ, तिसऱ्या दिवशी दुकानातलं अँटिबायोटिक, पाचव्या दिवशी धाप लागली की धावपळ. तुमच्या विंगमध्येही पाचच दिवस होते, नाही का?

म्हाताऱ्यांना ताप चढेलच असं नाही. जेवण एकदम तुटणं, साखर कारण नसताना वाढणं, नातवाला भलत्याच नावाने हाक मारणं, नेहमीपेक्षा जास्त झोप, ही लक्षणंसुद्धा धरा. घरात ऑक्सिमीटर असेल तर बाबा बरे असताना त्यांचा आकडा किती असतो ते आजच लिहून ठेवा. सीओपीडीत तो मुळातच कमी असू शकतो, आणि इतरांसाठीचा ९४चा नियम त्यांना लावून उगाच घाबराल किंवा उगाच निर्धास्त राहाल. किती उतरला की निघायचं, हा आकडा त्यांच्या डॉक्टरांकडून घ्या. धाप, निळसर नखं, छातीत दुखणं, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर मात्र फोन-बिन न करता सरळ रुग्णालय.

म्हणून मी ऐरोली म्हणते. नवी मुंबई काही फार सुरक्षित आहे असं नाही. तुमच्या एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्त्याचे कारखाने आहेत, ते काही फुलं उधळत नाहीत. पण इथे त्यांना ओळखणारा डॉक्टर आहे, जुनी फाइल आहे, दहा-पंधरा मिनिटांवर रुग्णालय आहे, आणि पहिल्याच दिवशी ‘आज यांचं काहीतरी बिनसलंय’ हे ओळखणारी तुम्ही आहात. दिल्लीला नवा डॉक्टर, नवी औषधं, दिवसभर कामावर गेलेली माणसं. यात पहिले ४८ तास सहज हातचे जातील.

बोल लागण्याचं म्हणाल तर ते काम तुमचं एकटीचं ठेवू नका. यजमानांना म्हणावं, भावाला आणि बहिणीला फोन तूच कर आणि दोघांना एकच उत्तर दे. दिरांना खरंच काही करायचं असेल तर सगळ्यांच्या लशींचा खर्च त्यांनी उचलावा. तक्ता पाठवण्यापेक्षा ते उपयोगी आहे.

गणपतीत कुडाळला जायचा बेत असेल तर जरूर न्या. लाटेचा काळ असला तरी म्हाताऱ्या माणसाने गणपतीला गावी जाऊ नये असं मी सांगणार नाही. कोणी शिंकणारं असेल त्याने त्यांच्या खोलीत वावरू नये, एवढं पाहा. फाइल, चालू औषधांची चिठ्ठी आणि बरे असतानाचा ऑक्सिजनचा आकडा सोबत ठेवा, इनहेलर दोन घ्या, आणि रात्री-अपरात्री ओरोसपर्यंत गाडी कोण नेणार, ते नाव नणंदबाईंकडून निघायच्या आधीच घेऊन ठेवा.